भट्टी त्याची, ओटा माझा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्हा नवरा-बायकोबद्दल छापून आलं होतं, सांगलीत एकाच घरात खाली त्याची सावरडो ब्रेडची (विकतच्या यीस्टऐवजी घरच्या आंबवणावर फुगवतात तो) भट्टी आणि वर माझं इंटिरिअरचं ऑफिस असं आमचं चालतं त्याबद्दल. त्यावर भरपूर प्रश्न आले. सगळे घेणं शक्य नाही म्हणून सारखे सारखे एकत्र केलेत. ब्रेडची उत्तरं त्याची, घराची माझी, पण टाइप सगळं मीच करतेय कारण त्याचे हात कायम पिठात. त्यामुळे मधेच माझी एखादी पुस्ती आली तर चालवून घ्या.

"डिसेंबर-जानेवारीत ब्रेड झकास होत होता. एप्रिल लागला आणि सगळं बिघडलं. पीठ परातीत पसरतंय, वास आंबट येतोय आणि भाजून निघते ती चपटी भाकरी. रेसिपी एका ग्रॅमनं बदललेली नाही, मग काय चुकतंय?" (एक वाचक, सांगली)

रेसिपी बदलली नाही हेच चुकतंय बघा. या ज्या रेसिप्या आपण व्हिडिओवरनं उचलतो त्या बावीस-चोवीस डिग्रीच्या स्वयंपाकघरातल्या असतात, आणि सांगलीत एप्रिलमधे दुपारी पत्र्याखाली नसलात तरी घरात पस्तीस-छत्तीस सहज असतं. आंबवणात, म्हणजे पीठ-पाणी कालवून आंबवत ठेवलेल्या विरजणात, दोन प्रकारची मंडळी राहतात, एक यीस्ट जे पीठ फुगवतं आणि दुसरे जीवाणू जे आंबटपणा आणतात. साधारण २५ ते २८ डिग्रीला दोघांचं बरं जमतं. त्याच्या वर बत्तीस-पस्तीसला गेलं की यीस्ट दमायला लागतं पण आंबटवाले जोरात असतात, आणि आम्ल वाढलं की पिठातला चिवटपणा, म्हणजे ग्लुटेन, सैल पडत जातो, म्हणून ते पसरतं. तुमचा हात वाईट नाही, उन्हाळा वाईट आहे.

उपाय पाण्यात आहे. हा काय करतो ते सांगते, साधं गणित आहे. मळलेली कणीक २५ डिग्रीला हवी असं धरलं तर २५ गुणिले ३ म्हणजे ७५. त्यातनं खोलीचं तापमान वजा करायचं, समजा ३६, मग पिठाचं वजा करायचं, समजा ३४. उरले ५. म्हणजे पाणी ५ डिग्रीचं पाहिजे, चक्क बर्फ घातलेलं. जानेवारीत हेच गणित केलं तर पाणी तिशीच्या आसपास येतं, म्हणजे कोमट. पीठ हातानं मळत असाल तर एवढं पुरतं, मशीनवर मळलं तर घासून आणखी गरम होतं त्यामुळे पाणी अजून गार घ्यायचं. आणि गिरणीतनं दळण आणलं की ते डब्यात तसंच कोंबू नका, हात लावून बघा किती तापलेलं असतं ते, परातीत पसरून पूर्ण गार होऊ दे मगच वापरा.

दुसरं म्हणजे आंबवण कमी घाला. थंडीत किलोभर पिठाला दोनशे ग्रॅम घालत असाल तर आता ऐंशी ते शंभर बास. आणि आंबवणाला खाऊ घालतानाच जरा घट्ट ठेवा, शंभर ग्रॅम पिठाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम पाणी, चपातीच्या कणकेइतपत, ते सावकाश चालतं. पीठ दुप्पट व्हायची वाट बघत बसायचं नाही, तीस-चाळीस टक्के वर आलं की आकार देऊन फ्रीजमधे, कारण गोळा आतपर्यंत गार व्हायला वेळ लागतो आणि तोवर ते फुगतच राहतं. लोक घड्याळ बघतात. पंचवीस डिग्रीला जे पाच-सहा तास घेतं ते छत्तीसला अडीच-तीन तासात पार होतं. सरळ उभ्या कडांचा काचेचा किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्या, बाहेरनं पिठाच्या पातळीला रबरबँड लावा आणि तो रबरबँड बघा.

माझी पुस्ती: डब्याला ओलं फडकं गुंडाळून परातीत थोडं पाणी घालून पंख्याखाली ठेवा, आपल्याकडं मे महिन्यात हवा कोरडी असते त्यामुळे चांगलं गार राहतं. वळीव पडून गेला की मात्र हा उपाय लंगडा पडतो, हवेत दमटपणा आला की पाणी उडतच नाही.

"आमचं घर जुन्या गावात नदीकडच्या बाजूला आहे. २०१९ च्या पुरात किचनच्या ट्रॉल्या गेल्या, नवीन केल्या, २०२१ ला परत गेल्या. आता सुतार म्हणतोय मरीन प्लाय वापरा काही होत नाही. खरं का?" (एक वाचक, सांगली)

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यात जास्त आलाय त्यामुळे नीट लिहिते.

सुतार अगदीच खोटं बोलत नाहीय. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० च्या शिक्क्याचं, त्याची टेस्टच मुळात ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून होते. साधं एमआर प्लाय, आयएस ३०३ वालं, ते दमटपणा सोसतं, बुडणं नाही. आणि एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेले बोर्ड, तर पाणी नुसतं टेकलं तरी पावासारखं फुगतं. पण २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, आणि कितीतरी घरांत ते आठवडाभर तसंच उभं होतं. ते पाणी टेस्टमधल्यासारखं स्वच्छ नसतं, गाळ असतो, ड्रेनेज असतं, डिझेलचा तवंग असतो. प्लाय टिकलं तरी त्याला चिकटवलेला सनमायका सुटतो, कापलेल्या कडांमधनं पाणी आत जातं, चॅनेल आणि बिजागऱ्या गंजतात आणि ट्रॉल्यांच्या मागं जो गाळ बसतो तो काढायला सगळं खोलावंच लागतं. म्हणजे माल वाचतो आणि काम जातं.

तुमच्या आसपासच्या जुन्या घरांतली किचन्स जाऊन बघा. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या, आडवे कडप्प्याचे कप्पे, दार नाहीच, फारतर एक पडदा. पूर ओसरला की पाइप लावून धुतलं, दोन दिवस पंखा, झालं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गवंड्यानं केलेलं ते काम दोन्ही पुरांत जसंच्या तसं राहिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि शेजारच्याच घरातलं दोन-अडीच लाखांचं मॉड्युलर किचन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून बाहेर जाताना पण बघितलंय. लोकांना कडप्पा म्हटलं की जुनाट वाटतं. मला नाही वाटत. चांगला पॉलिश केलेला कडप्पा आणि वर फिकट रंगाचं क्वार्ट्झ किंवा ग्रॅनाइट, फार देखणं दिसतं.

तर खालच्या मजल्याला माझा सल्ला असा, की सांगाडा दगडाचा करा, कडप्पा किंवा ग्रॅनाइट. आत बास्केट लागतच असतील तर चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या, सरळ उचलून वर नेता येतील अशा. दारं हवीत तर अॅल्युमिनिअमच्या चौकटीची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लॅस्टिक मिसळून केलेला बोर्ड) करा, आणि बिजागरी क्लिपवाली घ्या म्हणजे पाण्याची सूचना आली की स्क्रूड्रायव्हर न शोधता दारं काढून गच्चीवर. प्लायचं काम करायचंच तर ते वरच्या कपाटांना ठेवा. प्लग पॉइंट मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या, भिंतीवर ती खूण असतेच, पुसली असेल तर शेजाऱ्याला विचारा. आणि तळमजल्याचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा मेन स्विच) वेगळा, बोर्ड जिन्यात वरच्या बाजूला, म्हणजे खालची लाइट बंद करून वर राहता येतं.

आणि पूर गेल्यावर लगेच पुट्टी-पेंट करायला जाऊ नका हो, प्लीज. विटेची भिंत आतनं सुकायला काही महिने लागतात. वरनं प्लॅस्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि पुढच्या उन्हाळ्यात लोणा धरून पापुद्रे पडायला लागतात. एक वर्ष साधा चुना मारा. पाहुणे काय म्हणतील ते म्हणू देत, पाहुण्यांच्या घरात पण पाणी आलंच होतं.

(आमची भट्टी तळमजल्यावर असली तरी आम्ही नदीपासनं लांब आहोत. तरीसुद्धा पिठाची पोती जमिनीवर नाहीत, स्टीलच्या रॅकवर आहेत. त्याला उंदीर हेही कारण आहे.)

"आम्ही खपली खातो. खपलीचा ब्रेड होईल का? शुगरवाल्यांना चालेल का? आणि त्यात ग्लुटेन नसतं म्हणतात ते खरं का?" (एक वाचक, मिरज)

खपली म्हणजे सांगली, साताऱ्यापासून कोल्हापूर-बेळगावपर्यंत कृष्णेच्या खोऱ्यातला आपला जुना गहू, त्याची हुग्गी म्हणजे खीर तुम्ही मिरजकर खातच असणार. ब्रेड होतो. पण नुसत्या खपलीचा डोंगरासारखा फुगलेला, मोठ्या जाळीचा ब्रेड होत नाही, कारण तिच्यात ग्लुटेन आहे पण ते कमजोर आहे, ताणलं की तुटतं. ग्लुटेन नसतं हे साफ चूक. ज्यांना सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, आहे त्यांनी खपलीला हात लावायचा नाही, या बाबतीत कुणाचंही ऐकू नका, आमचं पण नाही, डॉक्टरांचं ऐका. शुगरचं म्हणाल तर खपली शेवटी गहूच आहे, पिष्ट आहेच, किती खाल्लं यावर सगळं. सावकाश आंबवलेला अख्ख्या पिठाचा ब्रेड बऱ्याच जणांना मैद्याच्या पावापेक्षा सोसतो, पण त्याला औषध म्हणून आम्ही विकत नाही आणि विकणाऱ्यांकडनं घेऊ नका.

करायची पद्धत: सत्तर टक्के लोकवन गव्हाचं पीठ किंवा मैदा आणि तीस टक्के खपली, इथनं सुरुवात करा. नुसत्या खपलीचा हवाच असेल तर टिनमधे करा, पीठ मळायचं नाही, केकच्या मिश्रणापेक्षा जरा घट्ट ठेवायचं, ओल्या हातानं टिनमधे दाबायचं, पाव पटीनं वर आलं की लगेच भाजायचं. थोडं जास्त थांबलात तर मधोमध खड्डा. भाजून झाल्यावर आतलं तापमान ९६ ते ९८ डिग्री आलं पाहिजे आणि कापायचा दुसऱ्या दिवशी. गरम कापला तर सुरीला चिकटतो आणि मग मिरजेहून फोन येतो की कच्चा राहिला.

"नवीन फ्लॅटचं किचन करायचंय. ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) कुठं ठेवू? आणि ओट्याची उंची किती घेऊ? मिस्त्री सगळ्यांना ३३ इंच करतो म्हणतोय." (एक वाचक, सातारा)

३३ ही स्वयंपाकाला ठीक उंची आहे, पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या बाईला. पण ब्रेडचं पीठ मळायला ती जास्त पडते. उभं राहून कोपर वाकवा, कोपरापासनं जमिनीपर्यंत टेप लावा, त्यातनं स्वयंपाकाच्या ओट्याला चार-पाच इंच वजा आणि मळायच्या जागेला सात-आठ इंच वजा. म्हणजे मळायला साधारण तीस इंच येतं. दोन उंचीचा ओटा करणं मिस्त्रीला जिवावर येतं, पण फ्लॅटमधे जिथं ओटा संपतो तिथं दोन-अडीच फुटांचा तुकडा खाली घेतला तर त्यावर पोळ्यासुद्धा लाटता येतात. मळायच्या जागेला ग्रॅनाइटच घ्या, उन्हाळ्यात गार राहतं. आणि घरात स्वयंपाक नक्की कोण करतं त्याच्या कोपराचं माप घ्या, घर ज्याच्या नावावर आहे त्याच्या नाही.

ओटीजी दोन हजार वॅटचा असेल तर साधारण नऊ अँपिअर ओढतो, म्हणजे ६ अँपिअरच्या मिक्सरच्या पॉइंटवर त्याला कधीच लावायचं नाही, एक्स्टेंशन बोर्डवर तर नाहीच नाही. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, वायर थेट डीबीपासनं (घराच्या मुख्य स्विचबोर्डापासनं), चार स्क्वेअर एमएमची ओढून घ्या म्हणजे पुढं मोठा ओव्हन घेतला तरी भिंत फोडायला नको. मागं आणि दोन्ही बाजूंना चार-पाच इंच मोकळं ठेवा. ओव्हनवर बरोबर वर सनमायक्याचं कपाट आलं तर दोन वर्षांत त्याची कड सुटते, पीव्हीसीचं असेल तर वाकतं. साताऱ्यात पावसाळा लांबलचक असतो त्यामुळे ओव्हन शक्यतो बाहेरच्या ओल्या भिंतीला लावू नका.

तो म्हणतोय यांना सांग की थंडीत अजिंक्यताऱ्याखाली आंबवण लवकर उठत नाही, ओटीजीचा नुसता दिवा लावून आत ठेवा, वरचं गणित उलटं चालवा. सांगितलं.

"ब्रेडमधे तासगावचे बेदाणे घातले की आतनं चिकट आणि वरनं जळकट होतं." (एक वाचक, तासगाव)

बेदाणे आधी कोमट पाण्यात धुऊन घ्या, पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते, ती जितकी निघेल तितकी बरी. मग पंधरा-वीस मिनिटं भिजवून चाळणीत निथळवा, फडक्यावर टिपून घ्या. कोरडे घातलेत तर ते कणकेतलंच पाणी ओढतात, निथळवले नाहीत तर कणीक गिळगिळीत. किलोला दोनशे ग्रॅम पुरे. मळताना नाही, पहिल्या घडीला, म्हणजे मळून झाल्यावर कणीक पहिल्यांदा ताणून दुमडतो तेव्हा, घाला, आणि आकार देताना जे बेदाणे वर डोकावतील ते काढून खाऊन टाका कारण तेच जळतात.

"बेकरीतला ब्रेड चाळीस-पन्नासला मिळतो. तुमचा त्याच्या पाचपट. असं काय सोनं लावता?" (एक वाचक, नाव-गाव नाही)

सोनं नाही, वेळ लावतो. एक खेप आदल्या दिवशी दुपारी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघते, ओव्हनमधे एका वेळी मावतात किती. बेकरीवाला तेवढ्या वेळात शेकडो लाद्या काढतो आणि त्या चांगल्या असतात, आम्ही मिसळीबरोबर त्याच खातो, मिसळीला सावरडो घेणाऱ्या माणसाशी माझं पटणार नाही. बेकरीच्या पावात विषारी पावडर असते म्हणून फॉरवर्ड येतात, ते पोटॅशिअम ब्रोमेटचं प्रकरण, त्यावर २०१६ लाच देशभर बंदी आलीय. परवडत नसेल तर घेऊ नका, राग नाही. घरी करा, पहिला प्रश्न परत वाचा.

"आम्ही दोघंही नोकरी सोडून घरातनंच काहीतरी सुरू करायच्या विचारात आहोत. ती बेकिंग, मी इंटिरिअर, म्हणजे तुमच्या उलट. चोवीस तास एकत्र, भांडणं होत नाहीत का?" (एक वाचक, कऱ्हाड)

होतात की. पण लोकांना वाटतं तशी प्रेमाबिमावरनं नाही, धुळीवरनं. माझ्या कामात प्लाय कापलं जातं, मार्बल घासलं जातं, सॅम्पलं येतात, आणि त्याच्या कामात उघडं पीठ असतं. हे दोन एका छताखाली ठेवायचे तर पहिला नियम हा की कापाकापी घरात अजिबात नाही, सगळं साइटवर किंवा सुताराच्या शेडमधे. फॉर्मल्डिहाइडचा वास असलेला नवा लॅमिनेटचा तुकडासुद्धा खालच्या मजल्यावर न्यायचा नाही. उलट बाजूनं त्याचं पीठ वर येतं, माझ्या शेड कार्डांवर बोटांचे ठसे असतात. एकदा एका क्लायंटनं त्यातलाच पांढरट पट्टा असलेला अक्रोडी शेड पसंत केला आणि मला ते पीठ पुसून दाखवावं लागलं. पुसल्यावर पण त्यांना आवडला हे नशीब.

दुसरं पैशाचं. दोन धंदे, दोन खाती, दोन वेगळी हिशेबाची पुस्तकं, आणि घरखर्चाचं तिसरं खातं ज्यात दोघंही महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात. हे पहिल्या दिवसापासनं करा. माझ्या धंद्यात पैसे टप्प्याटप्प्यानं आणि उशिरा येतात, त्याच्या धंद्यात रोज थोडे थोडे. एकत्र ठेवले की काय होतं, त्याच्या गल्ल्यातनं माझ्या सुताराचा हप्ता जातो आणि महिनाअखेरीला पिठाच्या बिलाच्या वेळी दोघं एकमेकांकडं बघतात. लाइटबिलाचं पण ठरवून टाका. ओव्हनला वेगळा मीटर घेता आला तर फार बरं, नाहीतर उगाच एसीवरनं बोलणी. खायच्या वस्तूचं रजिस्ट्रेशन, माझं जीएसटी, ही कागदपत्रं एकानंच बघायची, आमच्यात मी बघते कारण त्याला फॉर्म बघितला की झोप येते.

तिसरं, एकमेकांच्या कोटेशनवर बोलायचं नाही. माझ्या क्लायंटला हा फुकट ब्रेड देणार नाही आणि त्याच्या गिऱ्हाइकाला मी फुकट पडद्याचा रंग सुचवणार नाही. दुसरा भाग मी स्वतःच पाळत नाही, खरं सांगायचं तर. ब्रेड न्यायला आलेली मंडळी हळूच विचारतात, "ताई, हॉलला कुठला रंग घेऊ?" आणि मी जिन्यातनंच सांगते. त्यातनंच कामं पण मिळालीत, त्यामुळे नियम कशाला म्हणायचं कळत नाही.

वेळेचं जमवायला सगळ्यात जास्त दिवस गेले. हा पहाटे चारला उठतो आणि रात्री नऊला झोपतो, माझे क्लायंट ऑफिसातनं सुटून संध्याकाळी सातनंतर मीटिंगला येतात. जेवण एकत्र होतं ते फक्त दुपारचं. म्हणून दुपारी एक ते दोन दोघांचेही फोन बंद, सासूबाईंनी घातलेली अट आहे ही, आणि त्या स्वतः ताटावर असतात त्यामुळे मोडता येत नाही. तुमच्याकडं घरात कुणी मोठं असेल तर त्यांना ही जबाबदारी द्या. त्यांना ब्रेड आवडतो का ते विचारू नका, आमच्याकडं अजून "एवढा भाजून परत कडकच" असंच आहे.

आणि दोघांनी एकदम नोकरी सोडू नका. एकाचा पगार चालू राहू दे, दुसऱ्याचा धंदा लाइटबिल आणि भाडं स्वतःचं स्वतः भरायला लागला की मग पहिल्यानं राजीनामा द्यायचा.

"ब्रेड फ्रीजमधे ठेवायचा का?" (बऱ्याच जणी, सगळीकडनं)

नाही. फ्रीजच्या थंडीत ब्रेडमधलं पिष्ट उलट लवकर कडक होतं, बाहेर ठेवण्यापेक्षाही लवकर. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर कापलेली बाजू खाली करून लाकडी पाटावर, वरनं सुती फडकं. पावसाळ्यात तेवढं थांबू नका, बुरशी येते, एका कोपऱ्यात जरी दिसली तरी सगळा टाकून द्यायचा, कोपरा कापून खायचा नाही. जास्त दिवसांसाठी काप करून फ्रीझरमधे, खालच्या कप्प्यात नव्हे, आणि काढला की तसाच गोठलेला तव्यावर टाका. फारच वाळला तर चुरून कांदा, कढीपत्ता, शेंगदाणे घालून कुस्करा करा शिळ्या चपातीचा करतो तसा, फक्त पाण्याचा हबका जरा जास्त मारा आणि झाकण ठेवा.